बैठक उद्योगधुरीणांची: ग्वाल्हेर दरबार, एफ. ई. दिनशा आणि सिमेंटचा समझोता

उद्योगसमूहाचा प्रमुख आपल्या कार्यालयात बोलू लागला की इतर ऐकतात. असे आठ-दहा प्रमुख एका टेबलाभोवती बसवले, तर बोलणारे पुष्कळ आणि ऐकणारा एकही नाही, अशी अवस्था होण्याचा संभव असतो. प्रत्येकाला निर्णय देण्याची सवय असते, प्रत्येकाजवळ इतरांना न सांगण्याजोगे काही असते आणि शेजारच्या खुर्चीत बहुधा बाजारातला प्रतिस्पर्धीच बसलेला असतो. तरीही एखाद्या उद्योगाचे, शहराचे वा राज्याचे भवितव्य अशाच बैठकांत ठरते. त्या घडवून आणणे आणि निष्फळ होऊ न देणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे.

या कामासाठी मराठीत रूढ शब्द नाही, ही गोष्टही बोलकी आहे. ‘अध्यक्ष’ म्हटले की उंच खुर्ची आणि समारोपाचे भाषण डोळ्यांसमोर येते. ‘सूत्रसंचालक’ म्हटले की ध्वनिक्षेपक आणि शाल-श्रीफळ. ‘मध्यस्थ’ हा भांडण झाल्यावर येतो. येथे अभिप्रेत असलेली व्यक्ती चर्चा सुरू होण्याआधी कामाला लागते, चर्चेत कमीत कमी बोलते आणि चर्चा संपल्यावर सर्वाधिक राबते. नाटकातला जुना ‘सूत्रधार’ हाच तिला जवळचा शब्द म्हणावा लागेल.

भारतीय उद्योगाच्या इतिहासात अशा सूत्रधाराचे एक ठळक उदाहरण आहे आणि त्याचा एक धागा ग्वाल्हेरपर्यंत जातो.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) हे व्यापार-उद्योगात मनापासून रस घेणारे संस्थानिक होते. १९०५ मध्ये त्यांनी जनावरांच्या बाजाराच्या रूपाने सुरू केलेला मेळा आजचा प्रसिद्ध ग्वाल्हेर व्यापार मेळा झाला. १९०६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने लष्कर भागात व्यापाऱ्यांची संघटना उभी राहिली. आज ती ‘मध्य प्रदेश चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ या नावाने ओळखली जाते. गोमंतकीय वाचकांस येथे एक योगायोग लक्षात येईल. आजची ‘गोवा चेंबर’ ही संस्था पोर्तुगीज अमदानीत, १९०८ मध्ये, म्हणजे ग्वाल्हेरनंतर अवघ्या दोन वर्षांनी स्थापन झाली. रेल्वेमुळे दूरचा माल बाजारात येऊ लागला होता, बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहत होते आणि व्यापाऱ्यांना एकत्र बसण्याची गरज देशात ठिकठिकाणी जाणवू लागली होती. माधवरावांनी राज्यकारभारातही ‘मजलिस-ए-आम’ व ‘मजलिस-ए-कानून’ यांसारखी सल्लामसलतीची मंडळे नेमली. अंतिम अधिकार अर्थातच महाराजांकडे राहिला. त्यांना लोकशाहीचे नमुने म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु निर्णयापूर्वी ऐकून घेण्याची एक रीत त्यांतून पडली.

माधवरावांचा पैसा संस्थानाबाहेरही फिरत होता. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या भांडवलासाठी लंडनच्या बाजाराने पाठ फिरवली, तेव्हा मुंबईत समभाग विक्रीस काढण्यात आले आणि सुमारे आठ हजार भारतीय गुंतवणूकदारांनी तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल पुरे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढावे लागले. ते सर्वच्या सर्व ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले.

जयविलास महालातील भोजनगृहात लांबलचक टेबलावर रूळ टाकून चालणारी चांदीची छोटी आगगाडी आजही पर्यटकांना दाखवली जाते. मद्याच्या सुरया आणि चिरूट घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरे. एखाद्याने डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबे आणि सुरई परत ठेवली की पुढे निघे. संस्थानी थाटाचा हा नमुना असला, तरी त्या टेबलावर कोणाची पाळी चुकत नसे, एवढे मात्र खरे. मोठ्यांच्या चर्चेत नेमकी हीच व्यवस्था बसवणे सर्वांत अवघड असते.

आता मुख्य कथेकडे. महाराजांच्या मुंबईतील आर्थिक व्यवहारांत ज्यांचा सल्ला घेतला जाई, ते फ्रामरोझ एदलजी दिनशा. पेशाने कायदेतज्ज्ञ, वृत्तीने वित्तविशारद. कंपन्यांना कर्ज मिळवून देणे, अडचणीतल्या उद्योगांची घडी बसवणे आणि एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या भांडवलदारांना बोलते करणे यांत त्यांचा हातखंडा होता. टाटांच्या पडत्या काळात त्यांनी केलेल्या अर्थसाहाय्याचे पडसाद तर फार पुढेपर्यंत उमटले. त्यांच्या नावाची कंपनी पुढे शापूरजी पालनजी घराण्याकडे गेली आणि त्या घराण्याच्या टाटा सन्समधील हिश्शाचे मूळ सांगताना दिनशांचे नाव अजूनही निघते.

सिमेंटचा उद्योग तेव्हा बाल्यावस्थेत होता. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये उत्पादन करू लागला, त्यापाठोपाठ कटनी आणि लाखेरी येथे कारखाने निघाले. पहिल्या महायुद्धाने आयात रोडावली आणि देशी सिमेंटला भाव आला. तो पाहून युद्धानंतर नवे कारखाने भराभर उभे राहिले. ग्वाल्हेरपासून जवळच, आग्र्याच्या वाटेवरील बानमोर येथे ग्वाल्हेर सिमेंट कंपनीचा कारखाना याच लाटेत निघाला. मागणी तेवढी वाढली नाही. कारखानदारांनी एकमेकांच्या बाजारात घुसून भाव पाडण्यास सुरुवात केली आणि सिमेंट उत्पादन खर्चाहूनही स्वस्त विकले जाऊ लागले. काही कंपन्या बुडाल्या. सरकारकडे संरक्षक जकातीची मागणी झाली, पण ती मान्य झाली नाही. दुखणे परदेशी मालाचे नसून आपापसांतील चढाओढीचे आहे, असेच चौकशीतून दिसून आले होते.

येथून पुढची सुमारे दहा वर्षे या विषयाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावीत अशी आहेत. कारखानदारांना पहिल्याच बैठकीत ‘विलीन व्हा’ असे सांगितले असते, तर दुसरी बैठक झालीच नसती. घडले ते टप्प्याटप्प्याने. १९२५-२६ च्या सुमारास उत्पादकांची संघटना झाली, ती केवळ भावाला काही मर्यादा घालण्यापुरती. १९२७ मध्ये ‘काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया’ निघाली. तिचे काम सिमेंटचा वापर लोकांना शिकवण्याचे होते. त्यात भांडण्यासारखे काही नव्हते आणि लाभ सर्वांचा होता. १९३० मध्ये ‘सिमेंट मार्केटिंग कंपनी’ स्थापन झाली आणि विक्री व वाटप एका ठिकाणाहून होऊ लागले. आता प्रत्येकाला इतरांचे आकडे दिसू लागले. आपण कोट्यापेक्षा कमी विकतो की जास्त, दूरच्या कारखान्यातून माल नेताना रेल्वेभाड्यात किती पैसा वाया जातो, हे कागदावर आले. त्यानंतरच एकत्रीकरणाचा विषय निघू शकला.

त्या एकत्रीकरणाची कल्पना पुढे रेटण्याचे श्रेय दिनशांना दिले जाते. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि स्वतः दिनशा अशा चार गटांकडे मिळून दहा कंपन्या होत्या. पोरबंदर, द्वारका, कटनी, कैमूर, लाखेरी, वाह, शहाबाद, कोईमतूर यांच्या बरोबरीने त्यात ग्वाल्हेरही होते. दिनशा तटस्थ नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सूत्रधार निःपक्षपाती असावा, त्याचा विषयात हितसंबंध नसावा, असे पुस्तकांत लिहिलेले असते. दिनशांचा तर थेट हितसंबंध होता. पण तो सर्वांना ठाऊक होता. आपलेही नुकसान होत असताना समझोता मागणाऱ्या माणसाचा शब्द लोक ऐकतात. लपवलेला हितसंबंध मात्र उघडकीस आला की बैठक त्याच दिवशी संपते. या एका मुद्द्यावर अनुभव पुस्तकांहून वेगळे सांगतो असे दिसते.

दिनशांना यश पाहता आले नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. समझोता एका माणसाच्या शब्दावर तोललेला असता, तर तो त्यांच्याबरोबरच संपला असता. तसे झाले नाही. १ ऑगस्ट १९३६ रोजी ‘असोसिएटेड सिमेंट कंपनीज’ म्हणजेच एसीसी अस्तित्वात आली. सर नवरोजी सकलातवाला तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि पहिल्या संचालक मंडळात जे. आर. डी. टाटा, वालचंद हिराचंद, अंबालाल साराभाई, धरमसी खटाव, सर अकबर हैदरी, सर होमी मोदी अशी मंडळी होती.  अशांना एका ताळेबंदाखाली बसवणे ही केवळ कायदेशीर कारवाई नव्हती.

टेबलावर कोण नव्हते, हेही पाहिले पाहिजे. रामकृष्ण दालमिया यांनी त्याच सुमारास सिमेंटमध्ये उडी घेतली, स्वतंत्र कारखाने उभारले आणि भाव पुन्हा कोसळले. अखेरीस एसीसी आणि दालमिया यांना विक्रीविषयी आपसांत समझोता करावा लागला. आमंत्रितांच्या यादीतून सुटलेला माणूस काही वर्षांत बैठकीचा मुख्य विषय होऊन बसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

एकत्र विचाराचा दुसरा मोठा प्रसंग १९४२ ते १९४४ या काळातला. स्वतंत्र भारताच्या अर्थव्यवस्थेचा आराखडा आखण्यासाठी जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई, लाला श्रीराम, सर अर्देशीर दलाल, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई असे आठ जण मुंबईत बैठका घेऊ लागले. जानेवारी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ‘बॉम्बे प्लॅन’ पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चून दरडोई उत्पन्न दुप्पट करण्याचे उद्दिष्ट मांडणारा होता. बिर्लांचा ग्वाल्हेरशी संबंध जुना. जियाजीराव कॉटन मिल त्यांनी तेथे १९२१ मध्ये सुरू केली होती आणि मिलभोवतीची वसाहत आजही बिर्लानगर म्हणून ओळखली जाते. आठ जणांमध्ये मथाई हे मुळातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. लेखणी त्यांच्याकडे होती. मोठ्या माणसांच्या चर्चेत टिपणे कोण काढतो आणि मसुदा कोण लिहितो याला फार महत्त्व असते. बोललेले विरते, लिहिलेल्यावर पुढची चर्चा होते. मसुद्यात आपला मुद्दा आपल्याच शब्दांत आलेला दिसला, तर न पटणाऱ्या इतर चार गोष्टींनाही माणूस संमती देतो.

अमेरिकेत या कामाला दुसऱ्या महायुद्धानंतर संस्थात्मक रूप आले. १९५० मध्ये रे हिकॉक या तरुण कारखानदाराने ‘यंग प्रेसिडेंट्स ऑर्गनायझेशन’ स्थापन केली. १९५७ मध्ये मिल्वॉकी येथे रॉबर्ट नॉर्स यांनी कंपनीप्रमुखांचे छोटे गट सुरू केले, त्यांतून आजची ‘व्हिस्टेज’ ही संस्था उभी राहिली. दोन्हींच्या शाखा आता भारतातही आहेत. आठ-दहा जणांचा गट दरमहा भेटतो. एक जण आपली अडचण मांडतो, इतर प्रश्न विचारतात. यंग प्रेसिडेंट्सच्या गटांत एक नियम विशेष पाळला जातो: सल्ला द्यायचा नाही, स्वतःवर तसा प्रसंग आला असता काय केले तेवढे सांगायचे. ‘तुम्ही असे करा’ हे वाक्य बंद झाले की वरिष्ठ माणसाची पंचाईत होते, कारण मग त्याला स्वतःच्या चुका सांगाव्या लागतात. दुसरा नियम गुप्ततेचा. लंडनच्या चॅटम हाउसने १९२७ मध्ये घालून दिलेला दंडक यासाठी जगभर वापरला जातो: बैठकीत मिळालेली माहिती वापरावी, पण ती कोणी सांगितली हे बाहेर सांगू नये. दारामागची गोष्ट दारामागेच राहील अशी खात्री असल्याशिवाय कारखान्याचा तोटा कोणी उघड करीत नाही.

मानापमानाचा प्रश्न आपल्याकडे अधिक तीव्र. गोव्याच्या गावकारीत कोणत्या वांगडाचा मान पहिला हे ठरलेले असे. १५२६ च्या अफोन्सो मेशियाच्या फोरालात अशा अग्रहक्कांची नोंद आहे. दरबारात आसनांचा क्रम ठरलेला असे. हे संस्कार सहजासहजी जात नाहीत. सर्वांत ज्येष्ठ उद्योगपती प्रथम बोलला की पुढचे सारे त्याचीच री ओढतात किंवा गप्प बसतात. लष्करी न्यायालयांनी यावर जुनाच उपाय योजला आहे. तेथे मत देण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून होते. ऑक्टोबर १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, ते याच कारणासाठी. १९७१ मध्ये डेलबेक आणि व्हॅन द व्हेन या अभ्यासकांनी मांडलेली पद्धत याहून साधी: आधी प्रत्येकाने आपले मुद्दे मुकाट्याने लिहून काढायचे, मग पाळीपाळीने एकेक वाचायचा, चर्चा त्यानंतर. अॅमेझॉन कंपनीने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पडद्यावरची सादरीकरणे हद्दपार केली आणि काही पानांचे टिपण सर्वांनी शांतपणे वाचूनच बोलण्याची पद्धत घातली. पहिली काही मिनिटे शांततेत जाणे आपल्या सभाशास्त्राला विचित्र वाटेल, पण वाचून आलो आहोत असा आव आणण्याची सोय त्यामुळे कोणालाच उरत नाही.

या सर्व प्रकरणाला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. एकाच धंद्यातली माणसे भेटली की बोलणे गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटात संपते, असा इशारा अॅडम स्मिथने १७७६ मध्येच दिला होता. १९३० ची विक्री व्यवस्था कारखानदारांना तारणारी होती. घर बांधणाऱ्यास ती किती परवडली, हा प्रश्न वेगळा. तेव्हा असे समझोते उघडपणे करता येत. आज २००२ चा स्पर्धा कायदा आहे. २० जून २०१२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने एसीसीसह अकरा सिमेंट कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला संगनमताच्या ठपक्यावरून एकूण सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवले. कारण मोठे बोलके होते: ज्यांनी संपूर्ण युक्तिवाद ऐकलाच नव्हता, अशा अध्यक्षांची आदेशावर सही होती. २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला, २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. म्हणून आजच्या सूत्रधाराला कार्यक्रमपत्रिका कायदेतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी लागते. भाव, उत्पादनाचे प्रमाण, बाजाराची वाटणी आणि निविदा हे विषय निघाले, तर चर्चा तेथेच थांबवून तशी नोंद करावी लागते. कामगारांचे प्रशिक्षण, सुरक्षितता, पाणी, रस्ते, पर्यावरण यांवर एकत्र बोलण्यास कोणतीच आडकाठी नाही.

ग्वाल्हेरची स्थिती आता पालटली आहे. जियाजीराव मिलचे भोंगे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातच थांबले. कारखानदारी मालनपूर आणि बानमोर औद्योगिक क्षेत्रांकडे सरकली. २८ ऑगस्ट २०२४ रोजी मध्य प्रदेश सरकारने ग्वाल्हेरमध्ये प्रादेशिक उद्योग परिषद भरवली. अशा परिषदांत व्यासपीठावरच्या भाषणांहून अधिक काम मुख्यमंत्री आणि एकेक उद्योजक यांच्या स्वतंत्र भेटींत होते. त्यातून जमीन मिळते, परवाने मिळतात. प्रत्येक जण आपले मागणे घेऊन येतो आणि उत्तर घेऊन जातो. दहा उद्योजकांची एकच अडचण दहा वेळा ऐकली जाते, पण त्या दहांनी ती एकमेकांकडून ऐकलेली नसते.

गोव्यात हा प्रश्न खाणींच्या निमित्ताने उभा आहे. खनिज निर्यातदारांची संघटना १९६३ पासून आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम स्थगित झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, तेव्हा खाणमालकांचे आपसांत एकमत होते. ते पुरेसे ठरले नाही. ट्रकमालक, बार्जमालक, कामगार, ज्यांच्या शेतांत माती वाहून आली ते शेतकरी आणि न्यायालयात गेलेले पर्यावरणवादी यांच्याशी बोलणी झाली ती मोर्चात, वाहिन्यांवर किंवा वकिलांमार्फत. आता खाणपट्टे लिलावाने दिले जात आहेत आणि त्यांतील काही नव्या कंपन्यांकडे गेले आहेत. ट्रकांच्या फेऱ्या किती, त्या कोणत्या गावातून आणि कोणत्या वेळी जाव्यात, धुळीवर पाणी कोणी मारायचे, हे विषय कोणा एका कंपनीला सोडवता येण्याजोगे नाहीत आणि स्पर्धा कायद्याच्या आडही येत नाहीत. काँक्रीट असोसिएशनने १९२७ मध्ये उचलला होता, तो विषय याच जातीचा होता.